मुंबईत बास्केटबॉलचा हॉल कसा भरायचा: क्लब चालवणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

४ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज समोरासमोर आले. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची भारतातली ही पहिली मॅच. ती ओव्हरटाइममध्ये गेली आणि पेसर्सनी १३२-१३१ अशी एका पॉइंटने काढली. प्रेक्षकांत बहुतेक शाळकरी पोरं, सुमारे तीन हजार. त्यांनी डोम डोक्यावर घेतला होता. दुसऱ्या दिवशी आणखी एक मॅच झाली, संघ विमानात बसले आणि विषय तिथेच मिटला. त्यातल्या एखाद्या पोराला पुढच्या शनिवारी पुन्हा मॅच बघावीशी वाटली असती, तर त्याने जायचं कुठे होतं?

मुंबईत बास्केटबॉल आवडणारी माणसं कमी नाहीत. त्यांना ठरलेल्या वारी, ठरलेल्या ठिकाणी बघायला मिळेल असा आपला संघ मिळत नाही. उद्या कोणी असा क्लब काढला, किंवा असलेल्या संघाला खरोखर शहरात रुजवायचं ठरवलं, तर कामाला कुठून लागायचं ते इथे क्रमाने लिहितो. सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट धरली आहे: मुंबईकर मॅचला एकटा जात नाही. तो चौघांबरोबर, सोसायटीबरोबर, शाळेच्या ग्रुपबरोबर जातो. म्हणून हॉल भरायचा तर एकेक खुर्ची विकत बसू नका, टोळकी गोळा करा.

आधी घर ठरवा, आणि ते लहान ठेवा

यूबीए (युनायटेड बास्केटबॉल अलायन्स) या भारतातल्या संस्थेची प्रो लीग २०१५ ते २०१७ अशी चालली. तिच्यात मुंबई चॅलेंजर्स नावाचा संघ होता. नंतर आयएनबीएलमध्ये (इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग) मुंबई टायटन्स आला. २०२५ च्या सुरुवातीची आयएनबीएलची प्रो लीग मात्र दिल्लीत खेळवली गेली. सगळे संघ एका शहरात आणून स्पर्धा उरकायची, ही पद्धत खर्चाच्या हिशोबाने समजण्यासारखी आहे, पण तिच्यामुळे मुंबईचं नाव फक्त जर्सीवर राहतं. माटुंग्यातल्या पोराने टायटन्सला पाठिंबा द्यायचा म्हणजे मोबाइलवर स्ट्रीम बघायची. तेवढ्याने कोणी कोणाचा होत नाही. लीगवाल्यांशी बोलणी करताना पहिली अट हीच घाला: वर्षातून किमान चार-पाच मॅचेस घरच्या कोर्टवर. तेही जमत नसेल, तर त्याच खेळाडूंना घेऊन मुंबईतच प्रदर्शनी सामने लावा.

हॉल निवडताना सगळ्यांना एनएससीआय डोमचा मोह होतो. २०१४ मध्ये प्रो कबड्डीची सुरुवात तिथेच झाली आणि मुंबईच्या यू मुंबा संघाने तो डोम दणाणून सोडला. पण कबड्डीमागे लालबाग-परळच्या मंडळांची कैक वर्षांची पुण्याई होती. मैदानात काय चाललंय हे कोणाला समजावून सांगायला लागत नव्हतं. तुमच्याकडे खात्रीचे सातशे प्रेक्षक असतील, तर पाच हजारांच्या जागेत ते हरवून जातात आणि टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या दिसतात. तेच सातशे जण आठशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये बसवा. शंभर जणांना तिकीट मिळालं नाही तर फारच उत्तम, ते पुढच्या वेळी आधी फोन करतील. अमेरिकेत पोर्टलंडच्या ट्रेल ब्लेझर्सनी १९७७ ते १९९५ या काळात सलग ८१४ मॅचेस हाउसफुल्ल केल्या. त्यांचा हॉल साडेबारा हजारांच्या आसपासचा, म्हणजे तिथल्या मानाने लहान होता. तिकीट सहज मिळत नाही म्हटल्यावर हातातलं तिकीट कोणी सोडत नसे.

पुढे कुठवर जायचं याचा अंदाज हवा असेल तर जपानकडे बघा. तिथली बी लीग ही व्यावसायिक बास्केटबॉल लीग २०१६ साली सुरू झाली. २०२६ पासूनच्या सर्वांत वरच्या विभागासाठी त्यांनी क्लबांना घातलेल्या अटी अशा: पाच हजारांचं अरीना, सरासरी चार हजार प्रेक्षक आणि वर्षाला १.२ अब्ज येनची उलाढाल. नुसतं मैदानावर जिंकून भागत नाही. आपल्याला हे आकडे आज लांबचे आहेत. पण प्रेक्षकसंख्या हा क्लबच्या पात्रतेचा भाग मानायचा, ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घेता येते.

बॉल आधीपासून कुठे उसळतोय ते शोधा

बास्केटबॉल मुंबईत नवा नाही. १८९१ साली स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएमध्ये जेम्स नायस्मिथने हा खेळ काढला आणि वायएमसीएच्याच हाताने तो आपल्याकडे आला. नागपाड्यात या खेळाने जे मूळ धरलं त्याला मुंबईत तोड नाही. भारताचे कर्णधार राहिलेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसीर तिथलेच. माटुंग्याला इंडियन जिमखाना आहे. तिथेच डॉन बॉस्को शाळेत सॅव्हियो कप भरतो. शाळांच्या एमएसएसए (मुंबईतल्या शाळांची क्रीडा संघटना) आणि डीएसओच्या (जिल्हा क्रीडा कार्यालय) मॅचेस आहेत, कॉलेजांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहेत. हा तुमचा पहिला प्रेक्षक. त्याला नियम शिकवावे लागत नाहीत, पण त्याला गृहीतही धरता येत नाही.

या ठिकाणी बॅनर आणि सेल्फी पॉइंट घेऊन जाऊ नका. पहिला महिना नुसते जा, मॅचेस बघा, कडेच्या बाकावर बसलेल्या जुन्या खेळाडूंशी बोला. नागपाड्यात कोर्टच्या कडेला उभं राहून खेळणाऱ्यांना नावाने हाका मारणारी, चुकलेल्या लेअपवर (रिंगेजवळून मारलेला सोपा शॉट) जाहीर टोमणे मारणारी जी मंडळी असतात, त्यांच्या तोंडी तुमच्या संघाचं नाव आलं की निम्मं काम झालं. ती मंडळी तुमच्या खेळाडूंना नावं ठेवतील. ठेवू द्या. शिव्या घालायला का होईना, ती येतात, आणि येताना चार जणांना घेऊन येतात.

संघात दोन-तीन खेळाडू तरी याच कोर्टांवर वाढलेले घ्या. इथे प्रशिक्षक आणि मॅनेजर यांची वादावादी ठरलेली. प्रशिक्षकाला बाहेरचा उंच सेंटर, म्हणजे रिंगेजवळ खेळणारा खेळाडू, हवा असतो, आणि त्याचंही चूक नाही. पण बारावा खेळाडू निवडताना गुणवत्ता उन्नीस-बीस असेल तर नागपाड्याचा किंवा माटुंग्याचा घ्या. त्याच्यामागे अख्खी गल्ली येते.

म्होरक्या गाठा

आता मुख्य काम. प्रत्येक टोळक्यात एक जण असा असतो जो सगळं ठरवतो: ट्रेकची बस तोच सांगतो, टर्फ तोच बुक करतो, पैसेही तोच गोळा करतो. तुमचा खरा ग्राहक हा. क्लबच्या तिकीटविक्रीला ठेवलेल्या माणसाचं काम म्हणजे अशा दीडशे म्होरक्यांची वही ठेवणं. नाव, नंबर, कुठला ग्रुप, किती जण, मागच्या वेळी कधी आले, कोणी काय तक्रार केली. एक्सेल चालेल, शंभर पानी वहीही चालेल. पण ती वही एकाच माणसाच्या ताब्यात हवी आणि त्याने दर आठवड्याला फोन करायला हवेत.

म्होरक्याला तिकीट विकू नका, त्याचं काम सोपं करून द्या. दहा तिकिटं एका रांगेत द्या. ब्लॉकचं नाव असं ठेवा की सांगायला सोपं जाईल. ग्रुपवर टाकायचा मेसेज तुम्हीच लिहून पाठवा, त्याने फक्त फॉरवर्ड करायचा:

"शनिवारी ६ ला मॅच. ५.१५ ला गेट नंबर २ वर भेटू. डी ब्लॉक, अख्खी रांग आपली. दीडशे रुपये मला जीपे करा, गुरुवार रात्रीपर्यंत. नंतर सांगू नका की सांगितलं नाही."

दहाव्या तिकिटाचे पैसे त्याच्याकडून घेऊ नका. मॅचच्या दिवशी गेटवर त्याला नावाने ओळखणारा माणूस उभा करा. टोळक्यासमोर त्याला जो मान मिळतो तो पन्नास रुपयांच्या सवलतीपेक्षा त्याला मोठा वाटतो.

आता पासांचं बघू. "पास आहेत का?" हा मुंबईचा जुना प्रश्न, नाटकापासून क्रिकेटपर्यंत. नव्या क्लबला वाटतं, फुकट वाटले तर निदान हॉल तरी भरेल. भरत नाही. फुकट मिळालेला पास पाकिटात राहतो, पाऊस पडला की माणूस घरीच बसतो, आणि ज्याने दीडशे रुपये मोजले त्याला शेजारी पासवाला दिसला की पुढच्या वेळी तोही पासच मागतो. तिकीट स्वस्त ठेवा, पण ठेवा. शंभर-दीडशेला एंट्री आणि कोर्टलगतच्या थोड्या खुर्च्या चारशेला, इतकं पुरे. मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धेच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटीतून सूट आहे, म्हणून मान्यतेचं पत्र फेडरेशनकडून वेळेत घ्या आणि सीएला दाखवा. पास द्यायचेच असतील तर ते कशाच्या तरी बदल्यात द्या: स्वयंसेवक म्हणून काम केलं, हाफटाइमला पोरगं खेळलं, मागच्या मॅचला दहा जण आणले.

शाळेत शिरायची वाट

शाळेत गेल्यावर पीटी सरांना "सर, मॅचला मुलं पाठवाल का?" असं विचारलं तर ते चहा पाजतात आणि विषय टाळतात. त्यांच्या डोळ्यांपुढे बस, पालकांच्या सह्या, हेडमास्तरांची परवानगी आणि संध्याकाळी हरवलेलं एखादं पोर उभं राहतं. प्रश्न बदला. "सर, तुमची अंडर-ट्वेल्व्हची टीम शनिवारी हाफटाइमला आमच्या कोर्टवर सात मिनिटं खेळेल का?" सर लगेच खुर्ची पुढे ओढून वही काढतात. दोन शाळांची मिळून चोवीस पोरं खेळली की आई-बाबा, आजी, मावशी, धाकटी भावंडं असे सत्तर-ऐंशी लोक तिकीट काढून आपणहून येतात, आणि पोरांची ने-आण पालकच करतात.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल ईगल्सनी हे काम वर्षानुवर्षं केलं. खेळाडू प्राथमिक शाळांत जाऊन बास्केटबॉलसोबत खाण्यापिण्याच्या सवयी आणि व्यायामावर बोलायचे. त्या पोरांना शाळा सुटल्यानंतरच्या क्लबात आणि तिथून लहान मुलांच्या लीगमध्ये जागा असायची. क्लबची धर्मादाय संस्था हे सगळं सांभाळते, आणि २०१९ मध्ये त्यांनी स्वतःचं अरीनाही उभं केलं. बर्लिनचा आल्बा हा क्लब तर आपले प्रशिक्षक थेट शाळांमध्ये शिकवायला पाठवतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये त्यांनी घरात अडकलेल्या मुलांसाठी यूट्यूबवर रोजचा व्यायामाचा तास सुरू केला आणि जर्मनीभरची पोरं आल्बाचं नाव घ्यायला लागली. त्यात तिकिटाचा उल्लेखही नव्हता.

मुंबईत मोठ्या आकड्याचं उदाहरण मुंबई इंडियन्सचं. १६ एप्रिल २०२३ ला वानखेडेवर कोलकात्याविरुद्धच्या मॅचला १९ हजार मुली बोलावल्या होत्या. छान उपक्रम आहे, पण त्यामागे क्रिकेट आहे आणि तेवढा पैसाही. लहान क्लबने याची नक्कल करू नये. तीनशे मुलं एकदा आणण्यापेक्षा तीस मुलं आठ आठवडे शिकवा आणि शेवटच्या शनिवारी त्यांना मॅचला बोलवा. प्रत्येक मुलाला दोन कुपनं द्या: मूल फुकट, सोबतच्या मोठ्याचं तिकीट विकत. कुपनावर शाळेचं नाव छापा. कुठल्या शाळेची किती कुपनं परत आली हे मोजलं की पुढच्या वर्षी वेळ कुठे घालवायचा ते आपोआप कळतं.

मुलींच्या टीमला या सगळ्यात दुसरा नंबर देऊ नका. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, हे आपल्याकडच्या किती शाळांमध्ये मुलींना माहीत आहे? हाफटाइमची निम्मी कोर्टवेळ मुलींची, हा नियमच करून टाका.

वार, वेळ आणि रेल्वे

याबद्दल फार लिहायची गरज नाही, पण इथे चूक केली तर वरचं सगळं पाण्यात. रविवारी मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक, पश्चिमेला जम्बोब्लॉक. डोंबिवलीची फॅमिली त्या दिवशी घरातून निघत नाही. शनिवारी संध्याकाळी सहाची वेळ धरा. मॅच पावणेदोन ते दोन तासांत संपते, साडेआठला लोक स्टेशनवर असतात आणि लहान मुलं वेळेत झोपतात. बोर्डाच्या परीक्षा, नवरात्र आणि वानखेडेवर मोठी मॅच असेल तो दिवस टाळा. जून ते सप्टेंबर उघड्या कोर्टवर काही करू नका. हॉल स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत हवा, नाहीतर शेअर रिक्षाचा नाका तरी जवळ हवा. तिकिटावर हॉलचा पत्ता लिहिताना कुठल्या स्टेशनच्या कुठल्या बाजूला उतरायचं तेही लिहा.

ते दोन तास

फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमाने दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर. पहिल्या हाफमध्ये प्रत्येक संघाला दोन टाइमआउट, दुसऱ्यात तीन, प्रत्येकी एक मिनिटाचे. पहिल्या-दुसऱ्या आणि तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरच्या मधे दोन मिनिटांची विश्रांती, हाफटाइम पंधरा मिनिटांचा. म्हणजे सगळे टाइमआउट घेतले गेले तरी तुमच्या हातात साठ-साठ सेकंदांचे दहा तुकडे, दोन-दोन मिनिटांचे दोन आणि एक मोठा, एवढाच वेळ येतो. हा वेळ आधी कागदावर मांडा. टाइमआउट कधी पडेल हे माहीत नसतं, म्हणून तुकड्यांना क्रमांक द्या: पहिला पडला की हे, दुसरा पडला की ते.

कागद साधारण असा दिसेल. पहिला टाइमआउट: डी ब्लॉक विरुद्ध बी ब्लॉक, कोण मोठ्याने ओरडतो. दुसरा: निवेदक आत्ताच झालेला एक फाउल समजावून सांगतो, मराठीत, वीस सेकंदांत. क्वार्टरनंतर: प्रेक्षकांतली एक आजी आणि एक नातू, फ्री थ्रो लाइनवरून तीन-तीन शॉट. हाफटाइम: शाळांची सात मिनिटं, मग कोर्ट रिकामं, कारण संघांना वॉर्मअपला जागा लागते. तिसरा टाइमआउट पाहुण्या संघाने घेतला असेल तर फक्त ढोल. स्पॉन्सरची जाहिरात वाचायची असेल ती क्वार्टरच्या विश्रांतीत. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या तीन मिनिटांत काहीही नको. त्या वेळी खेळ स्वतःच पुरेसा असतो, आणि तेव्हा भाग्यवान विजेत्याचा नंबर पुकारणाऱ्या आयोजकाला मी तरी माफ करणार नाही.

ढोलाबद्दल एक सूचना. ढोल-ताशा पथकाला बंद हॉलमध्ये बोलावलं तर दोन ढोल आणि एक ताशा पुरतो. पंचवीस ढोल आले की रेफरीची शिट्टी ऐकू येत नाही आणि तान्ही बाळं घेऊन आलेले पालक बाहेर पडतात.

निवेदक निवडताना कबड्डीच्या किंवा दहीहंडीच्या माइकवर मुरलेला माणूस बघा. स्पर्धांमध्ये इंग्रजी निवेदनाची सवय असते. ती ठेवा, पण निम्मं मराठी-हिंदी हवंच. "ट्रॅव्हलिंग" (बॉल न आपटता जास्त पावलं टाकणं) किंवा "२४ सेकंद" (तेवढ्या वेळात शॉट मारायचा) म्हणजे काय हे आजीला कळलं, की ती पुढच्या वेळी स्वतःच शिट्टीच्या आधी ओरडते.

मॅच संपल्यावर खेळाडूंनी पंधरा मिनिटं कोर्टवर थांबायचं, हरले असले तरीही. हे करारात लिहून घ्या. लहान हॉलमध्ये सहा फूट सात इंचांच्या माणसाशेजारी उभं राहून फोटो काढता येतो, क्रिकेटमध्ये ते कोणाला मिळणार? त्यासाठी खेळाडूंना ड्रेसिंग रूमकडे पळवून नेणारा मॅनेजर बाजूला करा.

फॅन क्लब आपला नसतो

मुंबई सिटी एफसीच्या पाठीराख्यांचा वेस्ट ब्लॉक ब्लूज ग्रुप अंधेरीच्या फुटबॉल अरीनात नव्वद मिनिटं गात असतो. ऑस्ट्रेलियात पर्थ वाइल्डकॅट्सच्या समर्थकांना रेड आर्मी म्हणतात. तो संघ १९८७ पासून सलग ३५ सीझन प्लेऑफमध्ये पोहोचला होता. तसं सातत्य आपल्याला लगेच मिळणार नाही, पण लाल टी-शर्ट घातलेल्या माणसांनी भरलेली एक बाजू उभी करता येते. त्यासाठी क्लबने करायच्या गोष्टी मोजक्या: एका बाजूचा स्वस्त ब्लॉक राखून ठेवणं, झेंडे ठेवायला एक कुलूपबंद खोली देणं, आणि महिन्यातून एकदा त्यांच्या म्होरक्यांबरोबर बसून शिव्या ऐकून घेणं. घोषणा तुम्ही लिहून देऊ नका. जाहिरात कंपनीने लिहिलेली घोषणा दुसऱ्या क्वार्टरमध्येच मरते. फक्त दोन रेषा आधी आखा: जात, धर्म, भाषा आणि बायकांवरून काही नाही, आणि रेफरीच्या घरच्यांना मध्ये आणायचं नाही.

मोजायचं काय

प्रत्येक मॅचनंतर सोमवारी तीनच आकडे काढा. एक, विकत घेतलेल्या तिकिटांवर प्रत्यक्ष किती लोक आत आले. दोन, त्यातले किती आधी एकदा येऊन गेलेले होते. तिकीट फोन नंबरवर दिलं की हे लगेच कळतं. तीन, वहीतल्या किती म्होरक्यांनी या मॅचला ग्रुप आणला. दुसरा आकडा वाढत असेल तर एकूण संख्या थोडी घसरली तरी घाबरू नका. एकूण संख्या फुगते आणि दुसरा आकडा हलत नाही, तेव्हा तुम्ही पुन्हा पास वाटायला लागला आहात.

स्पॉन्सरही याच आकड्यांवर मागा. मोठ्या ब्रँडच्या मागे वर्ष घालवण्यापेक्षा हॉलच्या दोन किलोमीटरमधला डेंटिस्ट, क्लासेसवाले, फिजिओ आणि मिसळवाला गाठा. त्यांना दादरमधून आलेली तीनशे कुटुंबं देशभरच्या तीन लाख व्ह्यूजपेक्षा जास्त कामाची असतात.

सीझन संपला की ऑफिसला कुलूप लावायचं नाही. पावसाळ्यात शाळांचे हॉल आणि सोसायट्यांचे पार्किंग पोडियम वापरा. थ्री-बाय-थ्रीला, म्हणजे तीन-तीन जणांच्या बास्केटबॉलला, अर्धं कोर्ट पुरतं आणि मॅच दहा मिनिटांत किंवा एकवीस पॉइंटला संपते, त्यामुळे एका दुपारी सोळा टीम्स सहज खेळतात. ऑगस्टमध्ये जवळच्या गणेशोत्सव मंडळांना भेटा, वर्गणी द्या आणि मंडपात स्टॉलऐवजी पोरांसाठी एक रिंग लावू द्या म्हणा. अनंत चतुर्दशी झाली की त्या आठवड्यात सगळ्या पीटी सरांना फोन करून सहामाहीच्या तारखा मागून घ्या. त्या कळल्याशिवाय पहिल्या मॅचची तारीख जाहीर करू नका.